विचारायचं कुणाला?

ऑक्टोबर सरत आला की सरकारी कचेऱ्यांत दोन गोष्टी मागेपुढे येतात: दक्षता सप्ताहाची शपथ आणि दिवाळीचे डबे. शपथ एका दमात म्हणून होते, डब्यांचं तसं नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला तेरावा नियम भेटवस्तूंवर बंधन घालतो, पण साधं जेवण आणि गाडीतून सोडणं त्यातून वगळतो, आणि कामाचा संबंध असलेल्या माणसाकडून भपकेबाज किंवा वारंवार पाहुणचार घेऊ नये असं बजावतो. काजूकतलीचा एक किलोचा डबा भपकेबाज की साधा? दरवर्षी येतो, म्हणजे वारंवार का? बिल मंजुरीला पडलेल्या ठेकेदाराकडून तो आला तर? कारकुनालाही पडणारे हे प्रश्न आहेत, आणि ते निर्धास्तपणे विचारता येतील अशी खिडकी आपल्याकडे नाही. नीतिमत्तेचं शिक्षण आपण भरपूर वाढवलं, सल्ल्याची सोय मात्र केलीच नाही, असं माझं म्हणणं आहे.

शिक्षणाची बाजू खरोखरच भरभक्कम आहे. संथानम समितीच्या शिफारशीवरून 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्ये शासनातील नीतिमत्तेवर स्वतंत्र अहवाल दिला. 2013 पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत 250 गुणांचा नीतिशास्त्राचा पेपर आहे. (त्याच्या उत्तरांचे ठोकळे क्लासमध्ये पाठ करून मिळतात, हा भाग वेगळा.) पण दक्षता यंत्रणा बहुतेक वेळा घडून गेल्यावर जागी होते आणि पेपर नोकरीच्या आधीच संपतो. मधली तीस वर्षं माणूस एकटा असतो. तोंडी आदेशाचंच पाहा. वरिष्ठांनी आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी दिला तर मागाहून लेखी दुजोरा द्यावा आणि कनिष्ठाने तो मागावा, असं हे वर्तणूक नियमच सांगतात. तोंडी सूचनांवर काम करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सांगितलं. तरीही गोपनीय अहवाल ज्याच्या हातात, त्याच साहेबांकडे कागद मागायचा, तर तो कोणत्या शब्दांत मागावा, हे शिकवणीत येत नाही.

मोठ्या माणसांना सचोटी शिकवून येत नाही, असा आक्षेप घेतात. लाच खायला बसलेल्याबाबत तो खराच आहे. पण सल्ल्याची गरज त्याला नसतेच, ती गोंधळलेल्याला असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: सल्ला म्हणजे आणखी एक टिपणी, जबाबदारी ढकलायला आणखी एक खांदा. अमेरिकेच्या नियमांत यावर तोड आहे. तिथे प्रत्येक खात्यात नीतिमत्ता-सल्लागार अधिकारी असतो. सगळी हकीकत उघड करून त्याचा सल्ला प्रामाणिकपणे पाळला तर शिस्तभंगाची कारवाई होत नाही, पण काही लपवलं तर हे संरक्षण गळून पडतं. फौजदारी कायदा मोडला तर सल्ला ढाल होत नाही, फार तर खटला भरायचा की नाही हे ठरवताना तिथलं न्याय खातं तो विचारात घेऊ शकतं.

आपल्याकडे असा सल्लागार खात्यातला नको, दक्षता विभागातला तर नकोच. चौकशी करणाऱ्यापाशी कुणी शंका बोलून दाखवत नाही. पुण्याच्या ‘यशदा’ या संस्थेत अधिकारी प्रशिक्षणाला येतात, आणि तिथले व्याख्याते त्यांचे गोपनीय अहवाल लिहीत नाहीत. सुरुवात तिथल्या एका टेबलापासून, एका फोनपासून करता येईल. डब्याचा प्रश्न तिथे दिवाळीआधी विचारता यावा, पावतीसारखं दोन ओळींचं उत्तर मिळावं, आणि त्याची प्रत विचारणाऱ्यापाशी राहावी.