सरडा पाळायचा आहे? आधी हे समजून घेऊ

शाळेत असताना आम्ही दोघा भावांनी बागेतला एक सरडा पकडला होता. लोणच्याची रिकामी बरणी, झाकणाला भोके, आत थोडा पाला आणि चार माश्या एवढी तयारी आम्हाला पुरेशी वाटली. सरडा ऊन खात बसतो हे पाहिलेले होते, म्हणून बरणी अंगणात उन्हात ठेवली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा सरडा मेलेला होता. हवा होती, खाणे होते, ऊनही होते; मग तो मेला कशाने?

आज मुले मोबाइलवर परदेशी पाळीव सरडे पाहतात आणि वर्गात विचारतात, "सर, आपल्याला पाळता येईल का?" नुसते 'नाही' म्हणून हा प्रश्न मिटवण्यापेक्षा सरड्याला जगायला काय लागते ते मुलांबरोबर शोधले, तर प्राणिशास्त्राचा एक चांगला पाठ होतो.

थंड रक्ताचा नव्हे

सरड्याला आपण 'शीत रक्ताचा' म्हणतो. हा शब्द फसवा आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्या रक्ताइतके, कधी त्याहूनही गरम असते. फरक आहे तो उष्णतेच्या उगमाचा. आपण खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात जातो. सरडा ही उष्णता बाहेरून घेतो. म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानाने त्याचे फार थोड्या अन्नात भागते.

काउल्स आणि बोगर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरील आपले निष्कर्ष १९४४ साली प्रसिद्ध केले. हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून शरीराचे तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात, असे त्यांना आढळले. म्हणजे सरड्याला नुसते ऊन नको असते, ऊन आणि सावली यांतली निवड हवी असते. आमच्या बरणीत ती निवडच नव्हती. बंद काचेत उष्णता साठत गेली आणि पळायला जागा उरली नाही.

म्हणून सरड्याच्या पेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला 'बिअर्डेड ड्रॅगन' घेतला, तर ऊन खाण्याच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास तापमान हवे. गरम जागा मिळाली नाही तर त्याचे पचन मंदावते आणि खाल्लेले पोटात तसेच पडून राहते. वीज गेली की दिवा बंद, हेही आपल्याकडे लक्षात घ्यायला हवे.

काचेआडचे ऊन

दुसरी गरज डोळ्यांना दिसत नाही. सूर्यप्रकाशातील साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. त्याच्यावाचून आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मग शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरते. पाळलेल्या सरड्यांमध्ये हा आजार नेहमी आढळतो. मुलांमधल्या मुडदूसशी त्याचे जवळचे नाते आहे.

खिडकीच्या साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. उजेड भरपूर दिसतो, ऊब लागते, पण जीवनसत्त्व बनत नाही. त्यासाठी अतिनील किरण देणारा खास दिवा लागतो. तोही पेटत असताना हळूहळू निकामी होतो, कारण प्रकाश तसाच दिसला तरी अतिनील किरण कमी होत जातात. म्हणून तो ठरावीक मुदतीने बदलावा लागतो.

अन्नाचेही असेच आहे. रातकिड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते. सरड्याला याच्या उलट प्रमाण हवे. म्हणून किड्यांना आधी चांगले खाऊ घालून, वर कॅल्शियमची भुकटी लावून मग ते सरड्यापुढे ठेवतात. सरडा पाळणे म्हणजे किडेही पाळणे, हे अनेकांना नंतर कळते.

निवड कशी करायची?

आता तीन नेहमीचे उमेदवार तपासू. हिरवा इग्वाना तळहातावर मावेल एवढा असताना विकला जातो. पण मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा पानखाऊ सरडा शेपटीसह दीड मीटरपेक्षाही लांब होऊ शकतो. त्याला पेटी नव्हे, खोली लागते. नवशिक्याने तो घेऊच नये. बिअर्डेड ड्रॅगन शांत असतो, पण अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि त्याला तीव्र उष्णता व अतिनील दिवा दोन्ही लागतात. 'लेपर्ड गेको' ही अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातली पाल वीतभराची, कीटक खाणारी आणि संध्याकाळनंतर हिंडणारी. तिच्या गरजा त्यामानाने कमी आहेत, म्हणून परदेशांत नवशिक्यांना बहुधा तीच सुचवतात. पण ती पंधरा-वीस वर्षे जगू शकते. सातवीतल्या मुलाने आणलेली पाल तो नोकरीला लागेपर्यंत कोण सांभाळणार?

कायद्याचा प्रश्न तर त्याआधी येतो. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. रानातला कोणताही सरडा उचलून आणू नये. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्रजातीही आता त्याच्या कक्षेत आल्या आहेत आणि त्या बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. इग्वाना त्यांपैकीच आहे. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात. त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावे आणि लहान मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे.

पहिला सरडा भिंतीवर आहे

मग मुलांना काय सांगायचे? आमच्या मते त्यांचा पहिला सरडा घरात आधीच आहे. भिंतीवरची पाल विषारी नाही, ती परवानगी मागत नाही, आणि दिव्याजवळ तिचे ऊन, सावली, अन्न ती स्वतःच निवडते.

मुलांना एक वही आणि एक तापमापक द्या. रोज संध्याकाळी पहिली पाल किती वाजता दिसली, त्या वेळी तापमान किती होते, तिने कोणता किडा पकडला, हे महिनाभर लिहायला सांगा. शेपटी तुटलेली पाल दिसली तर नवी शेपटी किती दिवसांत किती वाढली याची नोंद करता येईल. तसबिरीमागे पांढरी, गोल, कडक कवचाची दोन अंडी सापडली तर ती हलवू नका. थंडीत आणि पावसाळ्यात याच नोंदी पुन्हा करा, फरक आपोआप दिसेल.

वर्षभर वही भरल्यावरही एखाद्या मुलाला सरडा पाळायचाच असेल, तर त्याला त्याची जबाबदारी निदान ठाऊक असेल. आमच्याकडे अशी वही नव्हती, बरणी होती.