दुसऱ्याच्या संगणकावर
प्लगइन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला नवी सोय देणारा छोटा जोड-प्रोग्रॅम. आपल्या संगणकावर चालणारे मुक्त प्लगइन डेबियन या १९९३ साली सुरू झालेल्या लिनक्स-संचासाठी नवख्याने कसे बांधावे, ते आपण पाहू. मूळ प्रोग्रॅमसोबत ‘डेबियन’ नावाचे फोल्डर जोडायचे. त्यातील ‘कंट्रोल’ फाइलीत लागणाऱ्या इतर प्रोग्रॅमांची यादी, ‘रूल्स’मध्ये बांधणीची कृती, ‘कॉपीराइट’मध्ये परवाना असतो. मग कोऱ्या प्रणालीत बांधणी करून पाहायची. बांधणीला आवश्यक असे एखादे नाव यादीतून सुटले, तर ती अडते. आपल्या संगणकावर तो प्रोग्रॅम आधीच असल्याने ही उणीव आपल्याला दिसलेली नसते. शेवटी एखादा अधिकृत सदस्य सारे तपासून आपल्या सहीने पॅकेज दाखल करतो. प्रयोगवहीचेही असेच नाही का? नोंद वाचून दुसऱ्याला प्रयोग जमला, तरच ती पुरी.