अँब्युलन्स टाकायची आहे? गाडी नंतर, आधी पेशंट ठरवा



गेल्या महिन्यात पाटणच्या बाजूच्या एका तरुणाचा फोन आला. आठ वर्षं टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर होता, आता स्वतःचं काहीतरी करायचं म्हणतोय. "दादा, अँब्युलन्स टाकतोय. कोटेशन आणलंय. घ्यायची तर व्हेंटिलेटरवाली कार्डिॲकच घेतो, भाडं मोठं मिळतं. आईचे दागिने आणि घरामागची पाच गुंठे, एवढ्यात बसतंय."

मी एकच प्रश्न विचारला, "व्हेंटिलेटर चालवणार कोण?"

"ते बघू नंतर," म्हणाला.

मित्रांनो, हे "बघू नंतर" या धंद्यात फार महाग पडतं. पैशानेही आणि माणसानेही. माझं कराडला सर्जिकलचं दुकान आहे, त्यामुळे अँब्युलन्सवाल्यांशी रोजचा संबंध. या लेखात गाडीचे प्रकार, ऑक्सिजनचा हिशोब आणि पैशाचा हिशोब असं तिन्ही एकत्र मांडतो. वही घेऊन बसा.

कायद्यात चार प्रकार आहेत

आपल्याकडे स्ट्रेचर टाकला आणि वर दिवा लावला की अँब्युलन्स झाली, असा समज आहे. तो काढून टाका. देशात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे. त्यात गाडीचे चार टाइप सांगितलेत.

टाइप ए म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डर. ही गाडी पेशंटला नेत नाही. ती प्रथमोपचार करणारा माणूस आणि त्याची बॅग लवकर पोहोचवते. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेली बाइक अँब्युलन्स ही याच कल्पनेची. गल्लीबोळात आणि ट्रॅफिकमध्ये हिचा उपयोग, पण खाजगी माणसाला यातून भाडं मिळत नाही. आपण ही बाजूला ठेवू.

टाइप बी म्हणजे पेशंट ट्रान्सपोर्ट. ज्या पेशंटची तब्येत वाटेत अचानक बिघडेल असं वाटत नाही, त्यांच्यासाठी. डिस्चार्ज, डायलिसिस, स्कॅनला नेणं-आणणं, प्लास्टरमधले आजोबा.

टाइप सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, बोलीत बीएलएस. पेशंटला ऑक्सिजन लागतोय, नाडी आणि बीपीवर लक्ष ठेवायचंय, पण घशात नळी घालायची गरज नाही. सोबत प्रशिक्षित माणूस लागतो.

टाइप डी म्हणजे ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट, एएलएस. यालाच लोक कार्डिॲक किंवा आयसीयू अँब्युलन्स म्हणतात. व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप आणि ते सगळं वापरता येणारी टीम.

लक्षात घ्या, हे चार प्रकार गाडीच्या किमतीवरून पडलेले नाहीत, पेशंटच्या अवस्थेवरून पडलेत. म्हणून "कोणती गाडी घेऊ?" हा पहिला प्रश्नच नाही. "माझा पेशंट कोण?" हा पहिला प्रश्न.

शटर वाजलं ती रात्र

दुकानाच्या वरच आम्ही राहतो. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री पावणेदोनला खाली शटर वाजवायला लागलं कोणीतरी. उतरलो तर समोर एक छोटी व्हॅन. कोयनेच्या बाजूने आलेली, पुण्याला निघालेली. आत दम लागलेले एक आजोबा आणि शेजारी त्यांचा मुलगा. गाडीत ऑक्सिजनचा एकच छोटा सिलिंडर, काटा जवळजवळ तळाला. ड्रायव्हर म्हणाला, "भरून घेतला होता हो, एवढ्यात कसा संपला कळत नाही."

मी मोठा जम्बो सिलिंडर द्यायला निघालो, तर गाडीत तो बांधायला जागाच नाही. मोकळा ठेवला आणि ब्रेक लागला तर तोच पेशंटच्या अंगावर. शेवटी दोन छोटे दिले, पट्ट्याने आवळून बांधले आणि गाडी गेली. चौथ्या दिवशी तो मुलगा सिलिंडर परत द्यायला आला. आजोबा वॉर्डात आलेत म्हणाला. पण माझं दुकान वाटेत नसतं, किंवा आम्ही त्या रात्री गावाला गेलेलो असतो, तर?

त्या ड्रायव्हरची नियत चांगलीच होती, पण गाडी टाइप बीच्या कामाची आणि पेशंट टाइप सीचा. त्यात सिलिंडरचा हिशोब त्याला कोणी शिकवलाच नव्हता. तो हिशोब आता तुम्ही शिका, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑक्सिजनचं गणित

सिलिंडरचेसुद्धा बी आणि डी टाइप असतात. त्याचा गाडीच्या टाइपशी काही संबंध नाही, गोंधळू नका. छोटा बी टाइप सिलिंडर साधारण १० लिटर पाण्याच्या मापाचा, मोठा डी टाइप म्हणजे जम्बो साधारण ४६ लिटरचा. पूर्ण भरला की काटा १५० च्या आसपास असतो.

आता गुणाकार करा: माप गुणिले काटा. १० × १५० = १५०० लिटर ऑक्सिजन. जम्बोत साधारण ७००० लिटर.

पेशंटला डॉक्टरांनी मिनिटाला १० लिटर सांगितलाय, तर १५०० भागिले १० = १५० मिनिटं. अडीच तास. कराडहून साताऱ्याला जायला हे भरपूर झालं. पण कराडहून पुणे साधारण १६० किलोमीटर. ट्रॅफिक धरून साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे २१०० लिटर. एक छोटा सिलिंडर वाटेतच संपणार, हे निघायच्या आधी कागदावर दिसतं. त्या रात्री काय झालं हे आता तुम्हाला कळलं असेल.

माझा नियम असा: जेवढा लागेल त्याच्या दीडपट सोबत ठेवा. पुण्यासाठी ३१५० लिटर, म्हणजे एक जम्बो किंवा तीन छोटे. काटा निम्म्यावर असेल तर सिलिंडर निम्माच आहे, "चालतंय अजून" म्हणायचं नाही. आणि सिलिंडर उघडायची चावी सिलिंडरलाच साखळीने बांधून ठेवा. वाटेत चावी सापडत नाही, हा प्रकार मी स्वतः पाहिलाय.

या गणितावरून गाडीचीही निवड होते. जम्बो नीट बांधायला जागा नाही, ती गाडी लांब पल्ल्याच्या ऑक्सिजनच्या पेशंटसाठी नाहीच.

आता गाडीकडे या

मारुती ईको, महिंद्रा सुप्रो यांसारख्या छोट्या व्हॅन: वाडीवस्तीच्या अरुंद रस्त्याला, बोळाला सोयीच्या. खर्च कमी. आत उभं राहता येत नाही, पेशंटच्या दोन्ही बाजूंनी काम करता येत नाही. टाइप बीच्या कामाला योग्य.

बोलेरोसारखी उंच गाडी: कच्चा रस्ता, चढण, पावसाळा असलेल्या भागात बरी पडते. मात्र पेशंटला हादरे बसतात. मणक्याच्या किंवा फ्रॅक्चरच्या पेशंटचा आधी विचार करा.

टाटा विंगर, फोर्स ट्रॅव्हलर: आत जागा, उंची, एसी, मोठे सिलिंडर आणि मॉनिटर बसवायला सोय. टाइप सी आणि डी याच वर्गातल्या गाड्यांवर करतात. अडचण एकच, अरुंद बोळात ती वळत नाही आणि रिकामी उभी राहिली तरी हप्ता चालूच.

आणि ही चूक अजिबात करू नका: जुनी प्रवासी व्हॅन घ्यायची, सीट काढायच्या, स्ट्रेचर ठोकायचा. गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर रुग्णवाहिका म्हणून नोंद लागते. नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेमवर बोट ठेवणार. कंपनीची तयार अँब्युलन्स घेत असाल तरी डीलरकडे मान्यतेचा कागद मागा. आपल्या पुण्यातच एआरएआयसारखी तपासणी करणारी संस्था आहे. कागद दाखवताना विक्रेता "नंतर देतो" म्हणाला, तर तुम्हीही पैसे नंतरच द्या.

पैशाचा हिशोब

खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

टाइप बीची छोटी व्हॅन. महिन्याचा हप्ता १५,०००. दोन ड्रायव्हर ३२,०००. विमा, पासिंग, सर्व्हिसिंग, टायर यासाठी बाजूला ७,०००. फोन, साफसफाई, किरकोळ ४,०००. एकूण ५८,०००. सरासरी एका फेरीचे २,००० मिळाले आणि इंधन वगैरे ८०० गेले, तर हातात १,२००. ५८,००० भागिले १,२०० म्हणजे महिन्याला ४९ फेऱ्या झाल्यावर तुम्ही शून्यावर येता. कमाई पन्नासाव्या फेरीपासून.

टाइप डीची मोठी गाडी. हप्ता ५०,०००. ड्रायव्हर ४०,०००. प्रशिक्षित नर्सिंग स्टाफ किंवा टेक्निशियन शिफ्टप्रमाणे ७५,०००. मशीनची देखभाल, बॅटऱ्या, गाडीचा खर्च २५,०००. किरकोळ १०,०००. एकूण २ लाख. एका फेरीचे ८,००० आणि त्यातले ३,००० डिझेल, ऑक्सिजन, वापरून टाकायच्या वस्तूंचे गेले, तर उरतात ५,०००. म्हणजे ४० फेऱ्या.

आता तुम्ही म्हणाल, "दादा, ४९ पेक्षा ४० कमीच की!" इथेच फसतात सगळे. डायलिसिसचा एक पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो-जातो. असे चार पेशंट बांधले की टाइप बीच्या फेऱ्या भरत आल्या. पण व्हेंटिलेटरवरचे ४० पेशंट दर महिन्याला एका तालुक्यातून तुमच्याकडेच कसे येणार? त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलशी लेखी करार हवा. करार आधी, गाडी नंतर.

आणखी एक पुरावा देतो. राज्य सरकारने २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू केली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यात एएलएस २३३ आणि बीएलएस ७०४. सरकारी तिजोरी मागे असूनही एका मोठ्या गाडीमागे तीन साध्या. मग आपण पहिलीच गाडी दागिने मोडून एएलएस का घ्यायची?

१०८ मोफत आहे, तिच्याशी स्पर्धा करू नका. अपघात, छातीत दुखणं यासाठी लोकांनी १०८ लाच फोन करावा, हे तुम्हीच त्यांना सांगा. जे काम तिचं नाही, म्हणजे डिस्चार्ज, डायलिसिस, तपासणी, ते तुमचं मार्केट.

थोडी नियमांची नोंद: अँब्युलन्सचे भाडेदर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. तुमच्या आरटीओतून दरपत्रक आणा, वरचा हिशोब त्याच दरावर करा आणि ते गाडीत दिसेल असं लावा. पेशंटला अँब्युलन्समधून नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही आणि राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला टोल माफ आहे. त्यामुळे "टोल वेगळा" असं बिलात लिहू नका. अडलेल्या माणसाकडून जास्त घेतलेले पैसे गावात कधीच लपत नाहीत.

गाडी घेण्याआधीचे सात दिवस

१. तुमच्या भागातल्या पाच हॉस्पिटलांत आणि डायलिसिस सेंटरमध्ये जा. कोणते पेशंट, कुठे, किती वेळा जातात ते लिहून घ्या.
२. त्या यादीसमोर बी, सी, डी लिहा. ज्या अक्षराची संख्या जास्त, ती तुमची गाडी.
३. सर्वांत लांबची फेरी धरून ऑक्सिजनचं गणित करा.
४. सर्वांत अरुंद रस्त्यावर टेप घेऊन जा, रुंदी मोजा.
५. सोबत जाणारा माणूस कोण, त्याचं प्रशिक्षण काय, हे नावासकट लिहा.
६. स्वतः आणि ड्रायव्हर, दोघांनी प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण घ्या.
७. हिशोबाचा कागद घरच्यांसमोर वाचा. आईचे दागिने असतील तर आईसमोर वाचा.

आणि एक शब्द पाठ करा: "नाही." तुमची गाडी टाइप बी आणि फोनवर कोणी म्हणतंय पेशंटला दम लागलाय, तर भाडं सोडा, १०८ सांगा. ते भाडं गेलं तर उद्या दुसरं मिळेल.

पाटणच्या त्या तरुणाने हे सात दिवस केले. यादीत त्याला ३१ पेशंट मिळाले. त्यातले २४ टाइप बीचे, सहा सीचे आणि डीचा फक्त एक. परवा दुकानात आला होता, छोट्या व्हॅनचं कोटेशन घेऊन. दागिने घरातच आहेत. व्हेंटिलेटरचा विषय त्याने काढला नाही, सिलिंडरच्या चावीला साखळी मात्र घेऊन गेला.

तुमच्या तालुक्याची यादी तयार झाली की मला पाठवा. हिशोब मिळून बघू.