थोड्या तासांसाठी मोठे केंद्र

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पीबॉडी नावाचे एक लहान शहर आहे. तेथील वीजपुरवठा नगराच्याच मालकीचा असून, राज्यातील अशाच इतर नगरसंस्थांच्या भागीदारीने तेथे ५५ मेगावॉटचे एक वीजकेंद्र उभारण्यात आले. खर्चाचा अंदाज सुमारे साडेआठ कोटी डॉलर. इंधन नैसर्गिक वायू, आणि वायू अपुरा पडल्यास टाकीत राखून ठेवलेले तेल. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी हे केंद्र सरासरी २३९ तास चालेल, असे योजनाकर्त्यांचेच म्हणणे होते!

ही उधळपट्टी आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु विजेची मागणी ज्या क्षणी चढते, त्याच क्षणी तिचा पुरवठा व्हावा लागतो. कोळशाचे थंड पडलेले केंद्र चालू होण्यास कित्येक तास लागतात; तेलावरील टर्बाइन काही मिनिटांत वेग घेते. शिवाय कडाक्याच्या थंडीत तेथील वायू घरे उबदार ठेवण्यात खर्ची पडतो. डिसेंबर २०१७ ची अखेर व जानेवारी २०१८ चा आरंभ या दोन आठवड्यांच्या थंडीत न्यू इंग्लंडमधील वीजकेंद्रांनी सुमारे वीस लाख पिंपे तेल जाळले.

तरीही २०२१ साली नागरिकांनी या योजनेस जो विरोध केला, तो अनाठायी म्हणता येणार नाही. केंद्र थोडे तास चालले, तरी त्याचा धूर शेजारच्या वस्तीसच सोसावा लागतो. आणि दुसरा मार्गही त्याच राज्यात दिसत होता. स्टर्लिंग गावाच्या वीजसंस्थेने २०१६ साली २ मेगावॉटचा बॅटरीसंच बसविला व पहिल्याच वर्षी सुमारे चार लाख डॉलर वाचविले. मात्र तो संच पूर्ण भाराने सुमारे दोन तासच वीज देतो. संध्याकाळची चढती मागणी त्याने निभावते. दोन आठवड्यांची थंडी निभावत नाही.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि शहरास हाताशी वीज असण्याचे मोल सर्वांस कळून चुकले. आमचे स्पष्ट मत असे की, रोजची चढती मागणी व क्वचितचे संकट या दोन गरजा वेगळ्या आहेत. पहिलीसाठी बॅटऱ्या व वेळेनुसार दर हे उपाय योजावेत. तेल केवळ दुसरीसाठी राखावे. आणि ते किती तास जाळले, याचा हिशेब नगरसंस्थेने दरवर्षी नागरिकांपुढे ठेवावा. ज्यांच्या पैशाने केंद्र उभे राहते व ज्यांच्या श्वासात त्याचा धूर जातो, त्यांचा तो हक्कच आहे.