मांजराच्या शेपटीखाली एकदा बघा

मांजर अंग चाटत बसलं की घरच्यांना कौतुक वाटतं. पण ते दिवसभर शेपटीखालीच चाटत असेल, तर मी आधी शेपटी उचलून बघते.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात तिथे, कातडीखाली वाटाण्याएवढ्या दोन थैल्या असतात. त्यांत उग्र वासाचा, तपकिरी स्राव साठतो. आपली खूण ठेवायला मांजराला तो लागतो. शी घट्ट असली की बाहेर पडताना थैल्या दाबल्या जातात आणि स्राव आपोआप निघतो. खूप घाबरलेल्या मांजराचा तो एकदम सुटतो. त्यात काळजीचं काही नाही.

शी सतत पातळ राहिली की हा दाब पडत नाही. स्राव आतच घट्ट होतो, थैलीचं तोंड बुजतं, मग जंतुसंसर्ग आणि गळू. लठ्ठपणा, बद्धकोष्ठ, कातडीची अ‍ॅलर्जी यांनीही हे होतं. कुत्र्यांत हा त्रास बराच जास्त आढळतो आणि कुत्रं फरशीवर ढुंगण घासतं, त्यामुळे चटकन कळतं. मांजर बहुधा कोपऱ्यात बसून चाटत राहतं.

एक आजी त्यांचा केशरी बोका घेऊन आल्या. "डॉक्टर, मूळव्याध झाली का हो याला?" शेपटीखालचे केस चाटून चाटून गेले होते. उजवीकडे लालभडक सूज, सडक्या मासळीचा वास, आणि हात जवळ नेला की गुरगुर. भूल देऊन थैली धुतली, तेव्हा रक्तमिश्रित पू निघाला. अँटिबायोटिक आणि वेदनाशामक दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली. खाण्याची चौकशी केली तर रोज दोन वेळा दूध-पोळी. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. दूध बंद झालं, शी घट्ट झाली. मूळ दुखणं तिथेच होतं.

मोबाइलवर बघून घरी थैल्या पिळू नका. सुजलेली थैली आतल्या आत फुटू शकते. निरोगी मांजराच्या थैल्या महिन्याच्या महिन्याला रिकाम्या करायची गरजच नसते. जखमेवर डेटॉल लावू नका, मांजर ते चाटतं आणि ते त्याला विषारी आहे. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. मांजराच्या यकृताला ते निर्धोक करता येत नाही. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय, लघवी मात्र थेंबभरही होत नाही, असं दिसलं तर थैल्यांचा विचार सोडा. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका, रात्र असली तरी त्याला तडक दवाखान्यात न्या.