नालाकृती मूत्रपिंड आणि आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्यास कर्करोग झाला असता रोगट भाग कापून काढणे हाच बहुधा मुख्य उपाय ठरतो, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. परंतु त्या शस्त्रक्रियेचा मूत्रपिंडांशी काय संबंध, असे कोणी विचारल्यास पुष्कळजण बुचकळ्यात पडतील. म्हणून हा विषय आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहो.

मूत्रपिंडे दोन, कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक, हा सर्वसाधारण नियम होय. गर्भावस्थेत ती ओटीपोटात तयार होतात व मग वर सरकतात. सुमारे पाचशे माणसांत एकाची मूत्रपिंडे खालच्या टोकांशी जुळलेली असतात आणि त्यांचा आकार घोड्याच्या नालेसारखा होतो. हा जोड वर चढताना, डाव्या आतड्यास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीखाली अडकून तेथेच राहतो. कित्येकांस याचा काहीच त्रास नसतो, म्हणून जन्मभर पत्ताही लागत नाही.

डाव्या आतड्याचा अथवा गुदाशयाचा कर्करोग काढताना शल्यचिकित्सकास पुष्कळदा हीच रोहिणी मुळापाशी बांधून तोडावी लागते, कारण तिच्या आसपासच्या लसिकाग्रंथींतून रोग पसरतो. मूत्रवाहिन्या एरवी कोठून जातात हे त्यास पाठ असते. येथे मात्र त्या जोडावरून, पुढील बाजूने उतरतात. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्याही अनेकदा संख्येने अधिक व आडवाटेने आलेल्या असतात. मूत्रवाहिनी कापली गेल्यास लघवी पोटात झिरपते. रक्तवाहिनी तुटल्यास रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडाचा काही भाग निकामी होऊ शकतो.

तथापि घाबरून शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही. शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केल्यास रक्तवाहिन्यांचा जणू नकाशाच हाती येतो. गरज भासल्यास मूत्रवाहिनीत आधीच बारीक नळी घालून ठेवतात, म्हणजे ती हाताला व नजरेला चटकन ओळखू येते. मूत्ररोगतज्ज्ञासही सल्ल्यास बोलाविता येते. अशी तयारी असल्यास दुर्बिणीतूनही ही शस्त्रक्रिया यशस्वी झालेली आहे.

सभासद बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे. पूर्वी कधी सोनोग्राफीत मूत्रपिंडे जुळलेली, जागा सोडून असलेली किंवा एकच असल्याचे आढळले असेल, तर तो कागद रद्दीत टाकू नये. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया ठरताच तो डॉक्टरांपुढे ठेवावा व तोंडीही सांगावे. सुरी चालण्यापूर्वी सांगितलेली गोष्टच उपयोगी पडते.