नवा रेडिओ घाटात मुका का होतो?

समजा, तिसगावातील एका हौशी रेडिओवाल्याने आपल्या जीपमधील जुना संच काढला आणि त्या जागी नवा अंकीय, म्हणजेच डिजिटल संच बसवला. गावात उभे राहून बोलताना आवाज इतका स्वच्छ आला, की बोलणारा शेजारीच बसला आहे असे वाटावे. मग जीप नगरच्या रस्त्याला लागली. करंजी मागे पडले, घाटाची वळणे सुरू झाली आणि बोलणारा वाक्याच्या मध्येच नाहीसा झाला. पुन्हा दोन शब्द आले, पुन्हा शांतता. जुना संच याच वळणांवर खरखरत असे, पण बोलणे समजत असे. जास्त पैसे मोजून घेतलेला नवा संच जुन्यापेक्षा वाईट कसा?

अशी तक्रार जगभरचे हौशी करतात. तिच्यामागे विज्ञानातील एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. चला, ती समजून घेऊ.

हौशी रेडिओ

आकाशवाणी एक जण बोलतो आणि लाखो ऐकतात. हौशी रेडिओचे तसे नाही. तेथे प्रत्येक जण बोलतो आणि ऐकतोही. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. परवानाधारकाला स्वतःचे संकेतनाम मिळते. भारतातील बहुतेक हौशींचे संकेतनाम 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. पैसे घेऊन संदेश पाठवण्यास या छंदात मनाई आहे. गाडीत बसवायचे संच बहुधा १४४ ते १४६ किंवा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून गर्भगिरीसारखा डोंगर आडवा आला, की त्याच्या मागे रेडिओची सावली पडते.

खरखर कोठून येते?

जुन्या संचात एफ.एम. पद्धत असते. बोलण्याच्या चढउतारांप्रमाणे लहरीची कंप्रता किंचित कमीजास्त केली जाते. ग्राही संच ते बदल ओळखतो आणि त्यांचा पुन्हा आवाज करतो. परंतु प्रत्येक ग्राही संचात स्वतःचा थोडा विद्युत गोंगाट असतोच. येणारी लहर जोरदार असेल तर हा गोंगाट दबून राहतो. लहर क्षीण झाली, की तो डोके वर काढतो. तीच आपल्याला ऐकू येणारी खरखर.

आता आपल्या मेंदूची करामत पाहा. खरखरीत 'पा…र्डीला डॉ…टर पाठवा' एवढेच ऐकू आले, तरी तुम्ही 'पाथर्डीला डॉक्टर पाठवा' हे वाक्य पुरे करता. भाषेत गरजेपेक्षा अधिक माहिती भरलेली असते. तिच्या आधारे मेंदू गाळलेल्या जागा भरतो.

आवाजाचे आकडे

अंकीय संचात आवाज जसाच्या तसा पाठवला जात नाही. त्याचे आधी आकडे होतात. टेलिफोनच्या अंकीय पद्धतीत आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ० किंवा १. हे झाले सेकंदाला ६४,००० बिट. रेडिओच्या अरुंद मार्गिकेत एवढी गर्दी मावत नाही.

म्हणून 'डी.एम.आर.' या युरोपात ठरलेल्या पद्धतीत एक युक्ती केली आहे. संचातील एक चकती आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करते. प्रत्येक तुकड्यात स्वर किती उंच, जोर किती, घशाचा नाद आहे की नुसता श्वास, अशा गोष्टींचे वर्णन ती अवघ्या ४९ बिटांत लिहिते. म्हणजे सेकंदाला २४५० बिट. टेलिफोनच्या सुमारे सव्विसाव्या भागाएवढे. ऐकणाऱ्याच्या संचातील चकती हे वर्णन वाचून तसाच आवाज नव्याने घडवते. एखाद्याचे छायाचित्र पाठवण्याऐवजी त्याचे वर्णन पाठवावे आणि पलीकडच्या चित्रकाराने त्यावरून चित्र काढावे, तसा हा प्रकार आहे.

येथेच मेख आहे. वर्णनातील फालतू शब्द काढून टाकले, की उरलेल्या प्रत्येक शब्दाला फार मोल येते. पत्त्यातील गावाचे एक अक्षर पुसले तर पोस्टमन ओळखतो; पिनकोडातील एक अंक चुकला तर पत्र भलतीकडे जाते.

तीन चुका माफ

चुका दुरुस्त करण्याची सोय अर्थातच केलेली असते. सर्वांत सोपी सोय म्हणजे प्रत्येक बिट तीनदा पाठवायचा आणि बहुमत पाहायचे. १०१ आले तर मूळ बिट १ होता असे धरायचे.

दर १०० बिटांत १ बिट चुकत असेल, तर बहुमतानंतर १०,००० मध्ये सुमारे ३ चुका उरतात. फायदा तेहतीस पट! दर १० बिटांत १ चुकत असेल, तर १०० मध्ये जवळजवळ ३ चुका उरतात. फायदा साडेतीन पटीवर आला. आणि निम्मे बिट चुकत असतील तर? बहुमतानंतरही निम्मेच चुकतात. फायदा शून्य. गणित करून खात्री करून घ्या. चुका थोड्या असताना ही युक्ती जादूसारखी चालते. चुका वाढल्या, की ती पार कोलमडते.

डी.एम.आर. मध्ये याहून हुशार अशी गोले संकेतपद्धती वापरतात. मार्सेल गोले यांनी ती १९४९ मध्ये मांडली. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रे पृथ्वीकडे पाठवली, तीही याच पद्धतीच्या आधाराने. आवाजाच्या ४९ बिटांना २३ रक्षक बिटांची जोड देऊन ७२ बिटांचा संच होतो. सर्वांत महत्त्वाचे १२ बिट २४ बिटांच्या गटात गुंफलेले असतात. त्या गटात कोणत्याही तीन चुका झाल्या, तरी त्या पूर्ण दुरुस्त होतात. चौथी चूक मात्र दुरुस्त होत नाही.

म्हणून तीन चुकांपर्यंत आवाज निर्मळ, आणि त्यापुढे एकदम कडा! चकती थोडा वेळ आधीचाच ध्वनी पुन्हा वाजवते, गुळण्या केल्यासारखे आवाज काढते आणि शेवटी गप्प बसते. जुना संच उतारावरून हळूहळू खाली येतो, नवा कड्यावरून कोसळतो.

चालत्या गाडीचे दुखणे

घाटात आणखी एक अडचण येते. तुमच्या अँटेनाकडे एक लहर थेट येते, दुसरी डोंगरावर आपटून येते. कोठे त्या एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना मारतात. त्यामुळे रस्त्यावर साधारण दर अर्ध्या तरंगलांबीवर संकेताचा एक खड्डा तयार होतो.

हिशेब करू. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २ मीटर, म्हणजे खड्डा दर मीटरला. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. तिला सेकंदाला सुमारे १६ खड्डे लागतात. ४३५ मेगाहर्ट्झवर हेच खड्डे सुमारे ४८ होतात.

एफ.एम. संचात या खड्ड्यांचे फडफडणे ऐकू येते, शब्द मात्र कळतात. डी.एम.आर. मध्ये आवाजाचे तीन तुकडे, म्हणजे ६० मिलिसेकंदांचे बोलणे, एकत्र बांधून ३० मिलिसेकंदांच्या एका फेकीत पाठवतात. ती फेक खड्ड्यात पडली, तर जवळजवळ एका व्यंजनाएवढे बोलणे एकदम गेले. अशा चार-पाच फेकी लागोपाठ गेल्या, की शब्दच बुडाला.

म्हणून गाडीतून बोलणे तुटू लागले, की अनुभवी माणूस थांबतो आणि गाडी हात-दोन हात पुढे घेतो. कित्येकदा तेवढ्याने संकेत परत येतो.

मग नवा संच वाईट का?

मुळीच नाही. संकेत क्षीण पण स्थिर असेल, तर जेथे एफ.एम. खरखरते तेथे अंकीय संच स्वच्छ बोलतो. एका साडेबारा किलोहर्ट्झच्या मार्गिकेत आळीपाळीने दोन संभाषणे चालतात. प्रेषक निम्मा वेळच चालू राहत असल्याने बॅटरीही वाचते. रिपीटर इंटरनेटला जोडला, तर तिसगावातून टोकियोशी बोलता येते.

मात्र काही अटी आहेत. जपानच्या हौशींच्या संस्थेने घडवलेली 'डी-स्टार' पद्धत आणि डी.एम.आर. यांना एकमेकींची भाषा कळत नाही. कंप्रता बरोबर असूनही कालखंडाचा किंवा गटाचा क्रमांक चुकला, तर नुसती शांतता. आणि इंटरनेट बंद पडले, की टोकियोही गेले.

सर्वांत मोठा फरक वेगळाच आहे. खरखर ही नुसती कटकट नव्हती, ती सूचना होती. 'मी दुबळा होत आहे, लवकर बोलून घ्या' असे जुना संच सांगत असे. नवा संच सांगत नाही. त्याच्या शांततेचा अर्थ पलीकडचा माणूस बोलत नाही असा, की त्याचे बोलणे पोचत नाही असा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

संकटाच्या वेळी

हा फरक कधी महत्त्वाचा ठरतो? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या वेळी हौशी रेडिओवाल्यांनी आपले संच घेऊन संदेशवहनाला हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी केंद्रासह पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमानची बातमी बाहेर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा वेळी आवाज गोड आहे की नाही हे कोणी विचारत नाही. 'किती जखमी, कोठे' एवढे पोचले पाहिजे.

घाटात अपघात झाला, किंवा मढीच्या यात्रेच्या गर्दीत मोबाइल लागेनासा झाला, तर काय करावे? बहुतेक अंकीय संचांत एफ.एम. चीही सोय असते. जाणता हौशी दोन्ही तयार ठेवतो. अंकीय बोलणे तुटू लागताच तो एफ.एम. वर येतो, हळू बोलतो, आकडा दोनदा सांगतो आणि पलीकडून तोच आकडा परत वदवून घेतो. यंत्रातील रक्षक बिट कमी पडले, की माणूस स्वतःच रक्षक बिट पुरवतो!

करून पाहा

वर्गात दहा शब्दांचे एक वाक्य फळ्यावर लिहा आणि शेजारी दहा अंकांचा एक आकडा लिहा. मित्राला डोळे मिटायला सांगून दोन्हींतील तीन-तीन जागा पुसा. तो काय भरून काढू शकतो ते पाहा. मग तोच आकडा तीन ओळींत तीनदा लिहा आणि पुन्हा कोठेही तीन जागा पुसा. किती पुसल्यावर आकडा हाती लागेनासा होतो, ते वहीत नोंदवून ठेवा. तुमच्या संकेतपद्धतीचा कडा नेमका तेथे आहे.